वाचकांचे प्रश्न : शाळेतील खतखड्डा आणि पालकांचा आक्षेप

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहारानंतर उरलेले अन्न आणि भाज्यांची देठे टाकण्यासाठी आवारात खड्डा खणला. पावसाळ्यात त्याला दुर्गंधी सुटली आणि माश्या झाल्या. काही पालक म्हणतात, ‘मुले शिकायला पाठवतो, कचरा उचलायला नाही.’ उपक्रम बंद करावा का? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बंद मुळीच करू नये, मात्र खड्डा बुजवावा. भात-आमटीसारखे शिजलेले अन्न ओले आणि चिकट असते, त्याचा थर दबून बसतो, त्यात पावसाचे पाणी साचले की हवा शिरत नाही आणि हवेविना वाढणारे जिवाणू कामाला लागतात; आपल्याला आला तो वास त्यांचाच. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी शेतीसाठी खत तयार करायची जी ‘नाडेप’ टाकी रूढ केली, तिच्या विटांच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवलेली असतात. शाळेला तेवढी मोठी टाकी लागत नाही, पण जमिनीवर, छपराखाली, भोके ठेवून रचलेला विटांचा लहानसा हौद पुरतो.

त्यात एक घमेले ओला कचरा पडला की वर दोन घमेली वाळलेला पालापाचोळा पसरावा, थोडे शेण किंवा जुने खत टाकावे आणि आठवड्यातून एकदा फावड्याने खालीवर करावे. हा पालापाचोळा पावसाळ्यात मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत तो आवारात ढिगाने पडतो आणि बहुतेक ठिकाणी झाडून पेटवून दिला जातो, हे मला फार खटकते. तोच पोत्यांत भरून ठेवला तर जून-जुलैची सोय होते. मिश्रण मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी निथळू नये. ढिगात लोखंडी सळई काही मिनिटे खुपसून ठेवावी आणि शिक्षकांनी तपासून मग मुलांच्या हाती द्यावी. ती कोमट किंवा गरम लागली की जिवाणू काम करत आहेत, हे पुस्तकाशिवाय कळते. साधारण तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे खत तयार होते.

पालकांचा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा. कचऱ्याचे काम ठरावीक जातींवर आणि स्त्रियांवर लादण्याचा आपल्या समाजाचा इतिहास त्यामागे आहे. म्हणून पाळी सर्वांची असावी, मुलामुलींची, शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांचीही, आणि हे काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. शिवाय ओला आणि सुका कचरा टाकतानाच वेगळा झाला, तर दुसऱ्याच्या उष्ट्यात कोणालाच हात घालावा लागत नाही. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची माहिती मुलांना सांगावी. कचरावेचकांनी संघटित होऊन आपल्या कामाला प्रतिष्ठा मागितली, हे त्यांना कळले पाहिजे.

आणखी एक विनंती अशी, की हौद भरला म्हणजे उपक्रम यशस्वी झाला, असे मानू नये. रोज उरलेले अन्न मुलांनी तोलून फलकावर लिहावे. आधी थोडे वाढावे, लागेल तसे पुन्हा द्यावे. त्यामुळे आकडा घटत गेला, तर ते खत मिळण्यापेक्षा मोठे काम आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये मुलांच्या अर्ध्या कोऱ्या वह्या आणि खाऊची वेष्टने यांचे काय करावे? – एक पालक, पनवेल

उत्तर : कोरी पाने काढून शिवावीत आणि कच्च्या कामासाठी वापरावीत, पाठकोरे कागदही त्याच कामी येतात. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद तेवढा रद्दीत द्यावा, कारण प्रत्येक पुनर्प्रक्रियेत त्याचे तंतू आखूड होत जातात. चकचकीत वेष्टनांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने भंगारवाला ती सहसा घेत नाही. त्यांच्या शोभेच्या वस्तू करण्याचे प्रकल्प शाळांत दिले जातात, पण त्या वस्तू वर्षअखेरीस कचऱ्यातच जातात. मधल्या सुट्टीसाठी डब्यात चिवडा, लाडू किंवा फळे द्यावीत.