एल ताहिनच्या पिरॅमिडला ३६५ कोनाडे आहेत म्हणतात. ते खरंच कॅलेंडर होतं का?

वर्षाची खूण होती, असं मला वाटतं. दिवस मोजायचं साधन मात्र नव्हतं.

एल ताहिन मेक्सिकोच्या बेराक्रूझ राज्यात, पापांतला गावाजवळ आहे. हे शहर साधारण इ.स. ८०० ते ११५० या काळात भरभराटीला होतं. पुढे ते जंगलात गडप झालं. १७८५ मध्ये दिएगो रुईझ नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याला, चोरून लावलेली तंबाखूची शेतं शोधत हिंडताना, हा पिरॅमिड दिसला. उंची जेमतेम १८-२० मीटर, पण जिकडे बघावं तिकडे चौकोनी, खोल कोनाडे. कोनाडा म्हटलं की आपल्याला पणती आठवते. इथे कारागिरांनी उलट अंधार भरला होता. भिंती लाल आणि कोनाड्यांच्या आतला भाग काळा.

आता हिशोब. एका बाजूचे कोनाडे खालून वर असे धरतात: २२, १९, १६, १३, १०, ७. बेरीज ८७, चार बाजूंचे ३४८. माथ्यावरच्या देवळाचे १७ मिळवले की ३६५. मी बेरीज दोनदा करून पाहिली, बरोबर येते.

खरी गोम कशात आहे, तर काय मोजायचं यात. पूर्वेच्या जिन्याखाली झाकले गेलेले कोनाडे यात धरलेत, आणि त्याच जिन्यावर मधोमध तीन-तीनच्या गटांत जे छोटे कोनाडे उघड दिसतात, ते सोडून दिलेत. जिन्याखालच्या कोनाड्यात कोण रोज खडा ठेवणार? म्हणून 'रोज एक कोनाडा' ही गोष्ट मला पटत नाही. आकडा मुद्दाम साधलेला असू शकतो, कारण १८ महिने गुणिले २० दिवस अधिक ५, असं ३६५ दिवसांचं वर्ष तिथे प्रचलित होतंच.

चौथ्या टप्प्यावर ५२ कोनाडे येतात, म्हणून काहीजण ५२ वर्षांच्या कालचक्राशी (३६५ आणि २६० दिवसांची दोन वर्षं पुन्हा एकत्र सुरू व्हायला लागणारा काळ) नातं जोडतील. पण दर टप्प्याला तीन कमी करत गेलं तर २२ वरून १३ वर यावंच लागतं, आणि तेरा चोक बावन्न!

५२ बघायचेच असतील तर त्या भागातले वोलादोरेस बघा: उंच खांबावरून दोराला उलटे लटकून, गोल फिरत उतरणारी चार माणसं, प्रत्येकाचे १३ फेरे.