सही कोलोनोस्कोपीवर, उपचार मल-प्रत्यारोपणाचा

प्रश्न (परभणी जिल्हा): पतींना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात कोलोनोस्कोपी (नळीने आतड्याची तपासणी) करतानाच दुसऱ्याचा मल आतड्यात सोडला. ४५ हजार घेतले. सही फक्त कोलोनोस्कोपीच्या फॉर्मवर आहे. तिसऱ्या दिवशी थंडीताप आला, रक्तात जंतुसंसर्ग निघाला, परभणीत १० दिवस ॲडमिट होते. डॉक्टर म्हणतात, याला कायदाच नाही, तक्रार कसली करता?

उत्तर: ताई, मल-प्रत्यारोपणाला (दुसऱ्याचा मल रुग्णाच्या आतड्यात सोडण्याला) वेगळा कायदा नाही, हे खरं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यातही मल बसत नाही. पण तुमचं प्रकरण उभं राहतं ते संमतीवर. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे की तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही. अपवाद फक्त जीव किंवा तब्येत वाचवण्यासाठी थांबणं शक्य नसेल तेव्हाचा. इथे तशी घाई नव्हती.

संसर्ग त्या मलातूनच झाला, हे दाखवणं मात्र अवघड आहे. समोरचे म्हणतील, कोलायटिससाठी घेतलेल्या स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती कमी होती, किंवा कोलोनोस्कोपीनेच झालं. म्हणून परभणीच्या रुग्णालयातला ब्लड कल्चरचा (रक्तात कोणते जंतू आहेत, त्याचा) रिपोर्ट आधी हातात घ्या. मग पहिल्या रुग्णालयाला पतींच्या सहीने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या: संपूर्ण केसपेपर, संमतीपत्र, दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या तपासण्या (नाव झाकून चालेल). ही शेवटची तपासणी क्षुल्लक नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये ती न केलेल्या मलातून दोघांना असा संसर्ग झाला, एक दगावला. रुग्णाचे कागद ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दिले नाहीत, तर तो नकारही तुमचा पुरावा.

हे संशोधन होतं का, कोणत्या एथिक्स कमिटीची (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची) मंजुरी होती, तेही अर्जात विचारा. 'होय' म्हणाले तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घेताच येत नाहीत.

तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा. तक्रारदार राहतो तिथे ती चालते, संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. मुदत २ वर्षं. रुग्णालयाला भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत, म्हणून फी नाही. भरपाई कितीही मागितली तरी फी भरलेल्या रकमेवरच ठरते. दुसऱ्या रुग्णालयाचं बिल आणि बुडालेली मजुरी मागणीत धरा. तक्रारदार पती स्वतः. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळा अर्ज करता येईल, पण तिथे भरपाई मिळत नाही.

पोलिसांत आत्ताच जाऊ नका. तिथे घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत मागतात.

कागद आणायला गेलात आणि मागच्या तारखेच्या संमतीपत्रावर सही मागितली, तर करू नका.