वडील ७२ वर्षांचे, रत्नागिरीजवळ गावी असतात, रोज संध्याकाळी समुद्रावर चालतात. एवढा व्यायाम पुरे का?

चालणं चालूच राहू दे पण नुसतं चालून भागत नाही, तोल सांभाळायचे आणि पायात ताकद आणायचे व्यायाम पण हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाईडलाईनमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेत, कारण या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस बरेचदा अंथरुणाला खिळतो, आणि आपल्याकडे पावसात चिऱ्याच्या पायऱ्या नि पाखाड्या शेवाळाने किती निसरड्या होतात ते तुम्हाला माहितीच आहे. जिम वगैरे काही नको. पडवीतल्या खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठबस, खांबाला धरून टाचा उचलणं, मग १० सेकंद एका पायावर उभं राहणं, पावसाळ्यात समुद्रावर जाता येत नाही तेव्हा तर हेच कामाला येतं. आणि हो, देवळात भजनाला जात असतील तर ते अजिबात सुटू देऊ नका, माणसांत असणं तितकंच गरजेचं. फक्त बीपीची गोळी चालू असेल आणि उठल्यावर गरगरत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच सुरू करा.