पुराव्यावर वाद घालताना मी आधी छेद का पाहते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलिसांच्या बळाच्या वापराबद्दल किंवा हवामानविषयक धोरणाबद्दल वाद सुरू झाला की आपण एक अभ्यास पुढे करता, समोरची व्यक्ती उलट निष्कर्षाचा दुसरा अभ्यास पुढे करते, आणि तासाभराने दोघेही जिथल्या तिथे असतात, अशा वेळी पुराव्याला काही अर्थ उरतो का, आणि आपली बाजू सोडण्याची वेळ आली हे कसे ओळखावे? मी इंदूरच्या एका महाविद्यालयात ३१ वर्षे सांख्यिकी शिकवली, आता निवृत्त आहे, आणि या दोन्ही विषयांवर आमच्या घरात गेली काही वर्षे वाद चालू आहे. त्या वादात मी स्वतः एकदा ठाम चुकले, म्हणून उत्तर लिहिते आहे.

बहुतेक वेळा दोन अभ्यास परस्परविरोधी नसतात. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. तो प्रश्न कोणता, हे मथळ्यात सापडत नाही. ते अपूर्णांकाच्या छेदात सापडते. किती माणसे मेली, किती टन धूर सोडला, हा अंश झाला. तो सगळेच वाचतात. 'कितीपैकी' हे मात्र फार थोडे विचारतात.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, तेव्हा अमेरिकेत शिकत असलेली माझी भाची आणि मध्य प्रदेश पोलिसांतून टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रमुख निरीक्षक, म्हणून निवृत्त झालेले माझे धाकटे दीर यांच्यात वाद जुंपला. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने झालेल्या मृत्यूंची मोजणी सुरू केली होती. वर्षाला सुमारे एक हजार मृत्यू, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक. भाचीने हा आकडा मांडला. भाऊजींचे म्हणणे असे की, पोलिसाची गाठ संपूर्ण लोकसंख्येशी पडत नाही, त्याने ज्यांना अडवले त्यांच्याशी पडते, म्हणून छेदात लोकसंख्या नव्हे तर अडवलेली माणसे हवीत. त्यांनी हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. त्याचा मसुदा २०१६ मध्ये आला आणि २०१९ मध्ये तो छापला गेला. पोलिसांशी गाठ पडलेल्यांमध्ये गोळीबाराच्या बाबतीत वर्णानुसार फरक दिसत नाही, असा त्याचा एक निष्कर्ष होता.

मी भाऊजींची बाजू घेतली. छेदाचा मुद्दा मला वर्गात शिकवल्यासारखा बिनचूक वाटला, आणि भाचीला मी जरा कठोरपणे लिहिले की, भावना बाजूला ठेवून प्रमाण काढायला शिक. माझ्या दोन चुका झाल्या. पहिली, फ्रायर यांच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मी सांगितलाच नाही: ढकलणे, भिंतीशी दाबणे, बेड्या घालणे अशा कमी तीव्रतेच्या बळाच्या बाबतीत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांच्या वाट्याला ते येण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक होती, आणि परिस्थितीतले इतर फरक हिशेबात धरूनही ती तफावत पूर्णपणे मिटत नव्हती. दुसरी चूक अधिक खोल होती, आणि ती माझ्याच विषयातली होती.

ती समजण्यासाठी एक उदाहरण घ्या. आकडे माझे, केवळ हिशेबासाठी. पहिल्या वस्तीत पोलिसांनी १०० जणांना गंभीर कारणासाठी अडवले आणि त्यांतल्या २० जणांवर बळ वापरले. दुसऱ्या वस्तीत तशाच गंभीर कारणासाठी १०० जणांना अडवले, पण तिथे ३० जणांवर बळ वापरले. म्हणजे कारण सारखे असूनही दुसऱ्या वस्तीला दीडपट त्रास झाला. आता दुसऱ्या वस्तीत आणखी १०० जणांना काहीही कारण नसताना अडवले, झडती घेतली आणि सोडून दिले. नोंदवहीत दुसऱ्या वस्तीच्या २०० नोंदी झाल्या आणि बळाचे प्रसंग ३०, म्हणजे १५ टक्के. पहिल्या वस्तीचे प्रमाण २० टक्केच राहिले. जिथे लोकांना विनाकारण अडवले जाते, तिथले पोलीस कागदावर अधिक सौम्य ठरले. अन्यायाने वाढवलेला छेद अन्याय झाकतो.

हाच आक्षेप नॉक्स, लो आणि मुम्मोलो या तीन संशोधकांनी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या नोंदी घेऊन गणिताने मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी एक शोधनिबंध त्याच्या लेखकांनी स्वतःहून मागे घेतला; गोळी लागण्याची शक्यता कोणाला किती, या प्रश्नाचे उत्तर आपली सामग्री देऊच शकत नाही आणि तरी तो त्यासाठीच सर्वत्र वापरला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी भाचीला पत्र लिहिले, त्यात वरचे दोन वस्त्यांचे गणित मांडले आणि माझे आधीचे म्हणणे मागे घेतले. लोकसंख्या हा छेद निर्दोष आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही, हेही त्यात लिहिले. भाऊजींचा मूळ आक्षेप विचार करण्याजोगा होता. मी त्याला अंतिम उत्तर मानले, ही माझी चूक.

आपल्याकडे तर आधी अंशच ठरवावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ या वर्षी पोलीस कोठडीतील मृत्यू ८८ आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडील नोंदींवरून संसदेत दिलेल्या उत्तरात २०२१-२२ साठी हाच आकडा १७५ आहे. एकाचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि दुसऱ्याचे एप्रिलमध्ये, पण तीन महिन्यांच्या सरकण्याने दुप्पट फरक पडत नाही. पहिला आकडा राज्यांच्या पोलीस नोंदींतून गोळा होतो. दुसरा, कोठडीतला प्रत्येक मृत्यू २४ तासांत कळवावा या आयोगाच्या १९९३ च्या निर्देशानुसार आलेल्या सूचनांवरून. या दोन्हींत आजाराने झालेले मृत्यू आणि आत्महत्याही आहेत, म्हणून त्यांना सरसकट मारहाणीचे बळी म्हणणे चूक आहे, आणि केवळ तेवढ्यावरून ते आकडे गैरलागू म्हणून बाजूला सारणेही चूक आहे. कोणी यांपैकी एकच आकडा पुढे केला, तर मी दुसरा मागते.

अंगावर लावायच्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत प्रश्न छेदाचा नसून आकाराचा होता. कॅलिफोर्नियातील रिआल्टो या छोट्या शहरात २०१२ पासून वर्षभर ५४ पोलिसांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने वाटल्या गेल्या. काही पाळ्यांत कॅमेरा, काहींत नाही. कॅमेरा नसलेल्या पाळ्यांत बळाच्या वापराचे प्रसंग दुपटीच्या घरात होते. मी हा अभ्यास कित्येकांना अभिमानाने सांगितला आहे. पुढे वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर तसाच प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: मोजता येण्याजोगा फरक नाही. पहिला अभ्यास खोटा नव्हता. लहान ठिकाणी, उत्साही अधिकाऱ्याच्या हाताखाली, पहिल्याच वर्षी जे घडले ते तिथले खरे होते. ते सर्वत्र घडेल हा अर्थ आम्ही त्यात भरला. काय घडले ते घटनेनंतर न्यायालयात दाखवता यावे, एवढ्यासाठी मला कॅमेरा आजही हवा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण दीर्घकाळ जपण्याचा जो आदेश दिला, त्याचेही मोल मला तिथेच दिसते. परंतु कॅमेऱ्यामुळे मारहाण निम्मी होते, असे मी आता म्हणत नाही.

हवामानाच्या वादात छेद आणखी उघडपणे बदलतो. वार्षिक एकूण उत्सर्जन पाहिले तर भारत जगात तिसरा. दरडोई पाहिले तर कार्बन डायऑक्साइड सुमारे दोन टन, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. १८५० पासूनची बेरीज केली तर जीवाश्म इंधनांतून निघालेल्या वायूत अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आणि भारताचा तीन-चार टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. पुढच्या तीस वर्षांत वातावरणाचे काय होईल हे पहिला सांगतो, कोणाची राहणी किती जड आहे हे दुसरा, आणि आजवरचे देणे कोणाचे हे तिसरा. जो माणूस पहिल्या प्रश्नाला तिसऱ्याचे उत्तर देतो, त्याच्याशी आकड्यांवर भांडण्यापेक्षा, आपण कोणत्या प्रश्नावर बोलतो आहोत हे आधी ठरवून घ्यावे.

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी आनंदाने कळवले की, देशातली अर्धी वीज आता कोळशाशिवाय तयार होते. २०२५ च्या मध्यावर जी निम्म्यावर पोहोचली ती जीवाश्म इंधनांशिवायची स्थापित क्षमता होती, म्हणजे सगळे प्रकल्प पूर्ण ताकदीने चालले तर मिळू शकेल ती वीज. प्रत्यक्ष निर्मितीत सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच आहे. हा फरक मी त्याला घरच्याच उदाहरणाने समजावला. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याची चढण चढून येते, आणि त्याच्या उपशाच्या विजेचे बिल ही आमच्या महानगरपालिकेची जुनी डोकेदुखी आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे जनतेसाठी खुले केले, ते ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. आता ६० मेगावॉट गुणिले वर्षाचे ८,७६० तास, असा गुणाकार केला तर साडेबावन्न कोटी युनिट येतात. परंतु रात्र, ढग आणि सूर्याचा कोन जमेस धरता सौर प्रकल्प क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी वीज देतो, म्हणून खरा अंदाज साडेदहा कोटींच्या आसपास ठरतो. प्रकल्प तरीही चांगला आहे. मी स्वतः त्याच्या बाजूची आहे. पण बाजूचे असल्यामुळे पाचपट आकडा सांगण्याची मुभा मला मिळत नाही.

एखादी चूक सापडली म्हणून सगळा पुरावा टाकून द्यावा का, असेही आपण विचारले आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २००७ च्या अहवालात, दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील असे विधान होते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले व्ही. के. रैना यांच्या, पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चापत्राने असल्या भीतीवर प्रश्नचिन्ह लावले, तेव्हा त्यांना आधी झिडकारले गेले आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला ती चूक मान्य करावी लागली. झिडकारणाऱ्यांचे वागणे मला आजही लागते. तरी हिमनद्या आटत आहेत हे त्यामुळे खोटे ठरले नाही. काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२३ मध्ये सांगितले की, हिंदुकुश-हिमालय प्रदेशात २०११ ते २०२० या दशकात बर्फाची घट आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के वेगाने झाली. चुकलेली तारीख आणि चुकलेली दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक जागा अशी येते की तिथे पुरावा संपतो. हवामानबदलाचे नुकसान रोखण्यासाठी आज किती खर्च करावा, यावर ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांचा २००६ चा अहवाल आणि अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्यात तीव्र मतभेद झाले, त्याचे मोठे कारण भविष्यातल्या रुपयाला आजची किंमत लावण्याचा दर हे होते. स्टर्न यांचा दर १.४ टक्के. त्या दराने शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत सुमारे २५ रुपये येते. नॉर्डहाउस बाजारातल्या परताव्याशी जुळणारा, याहून बराच मोठा दर धरतात. साडेचार टक्के धरून पाहिले तर तीच किंमत सव्वा रुपयाच्या आत येते. नातवंडांच्या नातवंडांचे दुःख आपण किती मोजायचे, हे कोणतेही मोजमाप सांगू शकत नाही. वाद इथवर आला की मी आकडे बाजूला ठेवते आणि समोरच्याला सरळ विचारते की, तुमच्या मते त्यांचे आपण काय देणे लागतो?

बाजू केव्हा सोडावी, याबाबत आमच्या घरात आता एक रीत पडली आहे. अभ्यास उघडण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे की, काय दिसले तर मी माझे म्हणणे सोडेन. भाऊजींनी लिहिले होते: कोणाला अडवायचे हेच वर्णावरून ठरते असे दिसले, तर अडवलेल्यांचा छेद मी पुन्हा वापरणार नाही. त्यावर मी त्यांना काळोखाची कसोटी सांगितली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या दहा कोटींच्या जवळपास वाहन-तपासण्यांच्या नोंदी घेतल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापला: संध्याकाळच्या त्याच वेळेला, उजेड असताना अडवलेल्यांत कृष्णवर्णीय चालकांचा जो वाटा असतो, तो अंधार पडल्यावर, म्हणजे चेहरा दिसेनासा झाल्यावर, कमी होतो. इथे लोकसंख्या मोजावी लागत नाही की रस्त्यावर कोण किती फिरतो हेही.

भाऊजींनी कित्येक वर्षे नाकाबंदीवर उभे राहून काढली आहेत. ते क्षणभर थांबून म्हणाले, "वहिनी, संध्याकाळी सातला जूनमध्ये उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये मिट्ट काळोख. वेळ तीच, वाहतूक बहुतेक तीच." त्यांनी चिठ्ठी फाडली नाही; भाचीला त्याच रात्री पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी मात्र ते नवा आक्षेप घेऊन आले: शहरातल्या मोठ्या चौकांत रात्रीही इतके दिवे असतात की काचेआडचा चेहरा स्पष्ट दिसतो, मग ही कसोटी तिथे फरक कमीच दाखवणार. आक्षेप बरोबर आहे. मी त्यांना तो कागदावर लिहून ठेवायला सांगितले आहे, आणि उजेडाच्या रस्त्यांवरच्या नोंदी वेगळ्या काढल्या तर काय दिसते, हे भाची सध्या शोधते आहे.