गेन्शिनमध्ये पैसे घालण्याआधी

ये, गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये स्वागत आहे! पण पहिल्याच आठवड्यात 'कुठला पॅक घेऊ' विचारतोयस, म्हणून आधी हिशेब सांगतो.

एका विशला, म्हणजे पात्र किंवा शस्त्र मिळवायच्या एका सोडतीला, 160 प्रिमोजेम (गेममधलं चलन) लागतात. पंचतारांकित, म्हणजे सर्वात दुर्मिळ, पात्र निघण्याची शक्यता 0.6 टक्के. 90व्या विशला ते नक्की मिळतं, पण बॅनरवरचंच, म्हणजे त्या सोडतीत जाहीर केलेलंच, मिळेल असं नाही. निम्म्या वेळा भलतंच हाती येतं असं धरून चाल. तसं झालं तर पुढचं पंचतारांकित मात्र बॅनरवरचंच येतं. म्हणजे वाईटात वाईट 180 विश, 28,800 प्रिमोजेम. डोक्यात हाच आकडा ठेव. "मला दहात मिळालं" म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नकोस.

नव्यांच्या चुका ठरलेल्या:

- शस्त्रांच्या बॅनरवर उधळणं. सध्या तिकडे फिरकूच नकोस.
- 'आता निघेलच' म्हणत यूपीआय करणं. मी रात्री दीडला केलंय. पंचतारांकितची खूण असलेली सोनेरी उल्का पडली, मी ताडकन उठून बसलो, आणि स्क्रीनवर चीची, बॅनरवर नसलेलं भलतंच पात्र! सकाळी बँकेचा मेसेज उघडवेना.
- बॅनर संपला की 90 विशपर्यंतची मोजणी शून्यावर जाईल, या भीतीने घाईघाईत खर्च करणं. ती पुढच्या पात्र-बॅनरला तशीच चालू राहते.

पहिला महिना फुकट खेळ. नकाशा हिंडलास की जेम भरपूर मिळतात. त्यानंतरही खेळावंसं वाटलं तर वेल्किन हा पास घे: 30 दिवस, रोज 90 प्रिमोजेम. ज्या दिवशी लॉगिन केलं नाहीस, त्या दिवसाचे बुडाले.

आणि हो, फोनला आईबाबांचं कार्ड जोडलेलं असेल तर आजच काढ. आर्टिफॅक्टचं, म्हणजे पात्रांना घालायच्या वस्तूंचं, नंतर बोलू.