मुलीचं नाव मराठवाड्यातल्या जागेवरून हवंय, पण नेहमीचं नको. काय ठेवता येईल?

तुम्ही लिहिलंय की सासर तेरजवळचं, माहेर हिंगोलीचं आणि नोकरीमुळं मुक्काम पुण्यात. लेकीच्या नावात गाव राहावं, पण गोदावरी, रेणुका, गिरिजा ही नावं नात्यात आधीच आहेत. मला वाटतं, मराठवाडाभर शोधायची गरजच नाही. तुमच्या दोन्ही घरांनी एकेक नाव दिलेलं आहे: तगर आणि कयाधू. माझं मत तगरला.

तेरचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासवर्णनात हे गाव येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं फार मोठं शहर, अशी त्याची नोंद आहे. इथलं सुती कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायची. आज आपण तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण एकदा तिथल्या लामतुरे संग्रहालयात नक्की जाऊन या. मातीच्या मूर्ती, मणी, बांगड्या आणि एक हस्तिदंती बाहुली. अशीच भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडली आहे. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला त्या कपाटापुढं उभं करून सांगता येईल, तुझं नाव या गावाचं आहे. शिवाय परसातली तगर आहेच. पांढऱ्या पाच पाकळ्या, सगळ्या एकाच अंगाला किंचित मुरडलेल्या, भिरभिऱ्यासारख्या. फूल तोडलं की देठातून चीक येतो, बोटाला चिकटतो. रोज देवपूजेला लागणारं फूल आहे, त्यामुळं आजी-आजोबांनाही हे नाव परकं वाटणार नाही. शाळेत कुणी ‘तगडी’ म्हणून चिडवेल. चिडवू द्या, त्यात वाईट काही नाही.

कयाधू ही तुमच्या हिंगोलीची नदी, पण हे नाव ऐकून काहीजण नाक मुरडतील, राक्षसाची बायको म्हणतील. हो, ती हिरण्यकशिपूची बायको. पण प्रल्हादाची आईही तीच. भागवतात गोष्ट आहे: इंद्र तिला धरून नेत होता, नारदानं त्याला अडवलं आणि तिला आपल्या आश्रमात ठेवून घेतलं. तिथं नारद तिला जे सांगत गेला ते पोटातल्या प्रल्हादानं ऐकलं. नामदेवांचं नर्सी ज्या नदीकाठी आहे ती हीच कयाधू, आणि हिंगोली शहरही तिच्याच काठावर. तुमचं बालपण तिथं गेलं असेल तर हे नाव तुमच्या तोंडून सहज निघेल. मला या बाईबद्दल खरोखर आदर आहे. तरी हे नाव पहिलं सुचवत नाही, कारण पुण्यात प्रत्येक नव्या ओळखीला तिची बाजू मांडत बसावं लागेल आणि ते काम लहान पोरीवर पडेल.

तेरच्या नदीचं तेरणा हे नाव गोड आहे, पण धाराशिवकडं ते म्हटलं की लोकांना आधी साखर कारखाना आणि कॉलेज आठवतं. बीडची बिंदुसरा नदी मला आवडते, घरी बिंदू म्हणता येईल. मात्र बिंदुसार हा चंद्रगुप्ताचा मुलगा, हे कुणीतरी सांगणारच. वेरूळच्या जुन्या एलापूरवरून एला ठेवता येतं, पण आजकाल ते विलायती वाटतं आणि वेरूळ कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुम्हाला तर नाव गावासाठीच हवंय. पैठणच्या जुन्या प्रतिष्ठान या नावावरून प्रतिष्ठा ठेवलं तरी तेच होतं.

आमच्या घरचंही सांगते. आमचं गाव निलंगा तालुक्यात, मांजरेच्या काठचं. तुमच्या सासरची तेरणा औराद शहाजानीजवळ याच मांजरेला येऊन मिळते. भावाच्या मुलीचं नाव नदीवरून ठेवायचं ठरलं, पण मांजरा ठेवलं असतं तर वर्गातली पोरं म्याव म्याव करत फिरली असती. पुढं तेलंगणात याच नदीला मंजिरा म्हणतात. आम्ही ते घेतलं. आत्या म्हणून पाळण्यापाशी तिच्या कानात कुर्रर्र करून ते नाव मीच सांगितलं. आता घरी सगळे मंजू म्हणतात. म्हणून सांगते, नाव ठरवण्याआधी दारातून मोठ्यानं हाक मारून बघा. गावाकडं तगरचं तगरे होईल आणि कयाधूचं कये. ती हाक तुमच्या कानाला गोड वाटली पाहिजे, कागदावरचं नाव तर ती शाळेत गेल्यावरच वापरात येतं.

पत्रिकेचं अक्षर आड आलं तर फार घोळ घालू नका. त तूळ राशीचं, क मिथुनेचं. जुळलं तर उत्तम, नाही तर पाळण्यातलं नाव वेगळं ठेवा. बाराव्या दिवशीच सगळं ठरलं पाहिजे असंही नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यापुढं 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, तेव्हा नाव घालताना इंग्रजी स्पेलिंग दोघांनी बसून एकदाच ठरवा आणि अर्ज देण्याआधी एकेक अक्षर तपासा. तगरला ही अडचण फारशी येणार नाही. कयाधूच्या ‘धू’मधला ‘ह’ मात्र लिहिताना हमखास सुटतो.