दिवाळीच्या पहिल्या अंघोळीआधी बाथरूमची खिडकी बघा

वसुबारस जवळ आली की दवाखान्यात पेशंटपेक्षा शंका जास्त येतात, आणि दरवर्षी त्याच. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देतो.

मला मधुमेह आहे. यंदा लाडू साखरेऐवजी सेंद्रिय गुळाचे करणार आहे. आपला कोल्हापुरी गूळ चालतोच ना? (गृहिणी, राजारामपुरी)

नाही. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस, त्यात मुख्यतः साखरच असते. रक्तातली साखर तो जवळपास तितकीच वाढवतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते मधुमेहाचं औषध म्हणून मिळालेलं नाही. पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापलं की फक्त किंमत बदलते. ‘शुगर फ्री’ मिठाईचीही तीच गत, मैदा, खवा आणि तूप जागच्या जागी असतं. एखादा लाडू तुमच्या आहारात बसतो का, हे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) बघून तुमचे डॉक्टर सांगतील. रिपोर्ट जुना असेल तर आधी रक्त तपासा, मग लाडू वळा.

चकल्या तळून उरलेलं तेल पुन्हा तळायला वापरू का?

नको. गाळून फोडणीला लवकर संपवा; काळं किंवा चिकट झालं असेल तर टाकून द्या.

गेल्या दिवाळीत पहिल्या अंघोळीला मुलगी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. घरात सगळ्यांत शेवटी तीच नहात होती. बाहेर आणल्यावर बरी झाली, डोकं मात्र दिवसभर दुखत होतं. उपाशीपोटी कढत पाण्याने नहाल्यामुळे असं होतं, असं सासूबाई म्हणतात. यंदा आधी काही खायला देऊ का? (कसबा बावडा)

खायला जरूर द्या. पण तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही: गिझर गॅसचा आहे का, आणि तो बाथरूमच्या आतच बसवलाय का? असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर.

पहाटेची थंडी म्हणून खिडकी बंद, दार बंद, आणि उटणं लावून घरातले चार-पाच जण एकामागून एक नहाणार. तेवढा वेळ गिझर त्याच कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन खातो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडर गळाला तर वास येतो, त्यामुळे ‘वास आला नाही म्हणजे गॅस नव्हता’ हे घरोघरी ऐकू येणारं अनुमान चूक आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायचं बळ उरत नाही. शेवटी नहाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांत वाईट हवा येते.

पुढचा घोळ दवाखान्यात होतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ सुद्धा दाखवतं, कारण साध्या यंत्राला हे दोन वायू वेगळे ओळखता येत नाहीत. मग ‘फिट आली असेल’, ‘अशक्तपणा असेल’ म्हणत सलाईन लावून घरी पाठवलं जातं. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: गॅस गिझर चालू होता. उपचार म्हणजे मास्कने ऑक्सिजन, आणि तो लगेच हवा.

गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ‘फिटिंग फ्री’ म्हणून दुकानदार सोयीच्या भिंतीवर ठोकून जातो. तिथे नको म्हणा. हे काम होईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा आणि मगच नहा. कोणी पडलंच तर दार-खिडक्या उघडून आधी त्याला बाहेर काढा, गिझर बंद करा, १०८ ला फोन लावा. कांदा हुंगवत बसू नका. आणि मुलीला एकदा फिजिशियनकडे न्याच. चक्कर हृदयामुळे किंवा फिटमुळेही येते. पत्रावरून मी ते नाकारू शकत नाही.

पाहुण्यांच्या गडबडीत बीपीची गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ?

नाही.

भाऊबीजेला तांबडा-पांढरा झाला की वडिलांच्या छातीत जळजळतं. वय ६२, शुगर आहे. पित्ताची गोळी चालू ठेवू ना?

पित्त आहे हे कोणी ठरवलं? मधुमेह्यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम, दम किंवा जळजळ असू शकते. सण यायच्या आत ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा. जळजळीबरोबर घाम आला, जबडा किंवा हात दुखू लागला, तर सोडा पाजून सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

फटाक्याने भाजलं तर टूथपेस्ट लावावी का?

टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतलं काहीही नको. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, डोळा, हात भाजला असेल तर दवाखाना.

दिवाळीनंतर सात दिवसांचं ‘डिटॉक्स’ पॅकेज घेतोय. रोज सकाळी दुधीचा रस. काही धोका?

खिशाला तर आहेच. शरीर साफ करायला यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात राबत असतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर असले रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडालाही लावू नका, त्यातलं पोटॅशियम महागात पडतं. आणि दुधीचा रस कडू लागला तर ‘कडू तेच गुणकारी’ म्हणून गिळू नका, तो विषारी असतो. एखादा घोट गेलाच आणि उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा सुरू झाल्या, तर पॅकेजवाल्याला फोन न करता थेट दवाखान्यात जा. उरलेला रस बाटलीत भरून बरोबर न्या.